शाळेच्या अंगणातलं तण

मंडळी, आज मी अक्षरशः थक्क झालोय.

सातपुड्यातल्या या शाळेवर आल्यापासून तीन महिने नुसता डाळभात खातोय. नंदुरबारहून बैलगाडीनं येणारी भाजी वाटेतच सुकते. हिरड्यांतून रक्त येतं, ओठांचे कोपरे चिरलेत.

सकाळी मुलांकडून अंगणातलं तण उपटून घेतलं. शेजारच्या पाड्यावरची सुमलीबाई पाण्याला निघाली होती. ढीग पाहून ती हंडा ठेवून त्याच्यापाशीच बसली.

"गुरुजी, हाई ते भाजी शे!"

टाकळा, माठ, घोळ, कुरडू... तिनं एकेक निवडून वेगळी ठेवली. रोज निराळी शिजवायची, म्हणाली. मी मोजल्या, नऊ निघाल्या!

मुलांना सगळं ठाऊक होतं. गुरुजींनी सांगितलं, म्हणून बिचाऱ्यांनी उपटलं.

ज्या भाजीची वाट बघत होतो, तिलाच तुडवत मी रोज शिकवायला जात होतो. तुमच्या दारात काय उगवलंय, कधी विचारलंत कुणाला?