सुरुवात तिसरीपासून

“सुरुवात तिसरीपासून,” अंकल म्हणायचे आणि समोरच्याच्या नाकापुढे तीन बोटं धरायचे. वीस-वीस मिनिटांची गाणी वाजवणाऱ्या एका जुन्या इंग्रजी रॉक बँडच्या सगळ्या रेकॉर्ड त्यांच्याकडे होत्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या भावानं आणलेल्या. कुणी मोबाइलवर वाटेल तिथून ऐकायला लागलं की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. “पहिली रेकॉर्ड ऐकलीस तर कंटाळशील, शेवटची ऐकलीस तर हसशील. तिसरीत आधी नुसती बासरी आहे. इतकी हळू की कान टवकारावे लागतात. माणूस तिथं अडकला पायजे.”

सातिवलीत आमचा पंख्यांच्या मोटारींचा कारखाना. मी डिस्पॅचला, ते तपासणीच्या बाकावर. मोटार चालू करून तिच्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि म्हणायचं, “बेअरिंग रडतंय, परत पाठव.” कितीतरी वर्षं त्यांच्या कानाच्या भरवशावर माल बाहेर गेला. ज्याच्या नुसत्या ‘हं’वर सगळे निर्धास्त असतात, असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. आता त्या बाकावर मशीन बसवलंय.

मला बासरी आवडली, आणि मी इतरांनाही त्यांच्याकडे धाडू लागलो. पण दोनेक वर्षांपूर्वी नव्या सुपरवायझरला ते म्हणाले, “पाचवीपासून ऐका, साहेब. ड्रमनंच सुरू होते.” पुढं स्टोअरमधल्या एका मुलीला सांगितलं, थेट मैफलीची रेकॉर्ड ऐक, टाळ्या-शिट्ट्यांसकट. मी चिडवलं, “अंकल, बासरीचं काय झालं?”

“तेव्हा मला अक्कल कमी होती,” ते म्हणाले. मीही हसलो. मूर्ख होतो.

मग एका दुपारी फोर्कलिफ्ट मागे येत होती. भोंगा वाजतोय, ड्रायव्हर ओरडतोय, आणि अंकल पाठमोरे, डबा धुऊन शांतपणे निघालेले. मी कॉलर धरून ओढलं. ते रागानं वळले, आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग चाकाकडे. तिसरी, पाचवी आणि मैफल यांचा अर्थ मला तेव्हा कळला. ज्या आवाजापर्यंत त्यांचा कान पोचत होता, तिथून ते सुरुवात सांगत होते.

“कुणाला बोलू नको,” ते म्हणाले. मी बोललो नाही. पण भोंगा वाजला की अंकल कुठे आहेत ते मी आधी बघायचो. हल्ली ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघतात, हेही मला तेव्हाच दिसू लागलं.

आठवड्याभरात नोटीस लागली. सगळ्या कामगारांच्या कानांची तपासणी. अंकलनी ती तीनदा वाचली. “हेडफोन लावतात, आवाज आला की बटन दाबायचं. नापास झालो तर बाकावरून उठवतील. मला दुसरं कायच येत नाय रे. रविवारी घरी ये, थोडी प्रॅक्टिस करू.”

त्यांच्या सांडोर गावातल्या घरी, केळीच्या बागेकडच्या खोलीत, त्यांनी तिसरी लावली. “बासरी सुरू झाली की मी बोट वर करतो. चुकलो तर सांग.” त्यांनी डोळे मिटले. मी श्वास रोखून बसलो. बासरी आली आणि त्याच क्षणी बोट वर गेलं. मला इतका आनंद झाला की मी आंटींना हाक मारणार होतो. बोट खाली येऊन गुडघ्यावर ताल धरू लागलं.

तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. या घरात घंटा झाली की गाणं थांबवून प्रार्थनेला उभं राहायचं, आणि सुई नेहमी तेच उचलायचे. आज ते हलले नाहीत. आंटी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, सुई उचलली आणि मान खाली घालून प्रार्थना पुटपुटू लागल्या.

गाणं थांबलं होतं, खोलीत दुसरा आवाज नव्हता. अंकलचं बोट गुडघ्यावर चालूच होतं, अगदी तालात.

“आता बासरी परत येते बघ,” डोळे न उघडता ते म्हणाले. “आली ना?”

“आली,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं, “आली ना रे?”

मग मी ओरडून सांगितलं, आली.