बू जासिमच्या घरातलं भोक

बहरीन म्हटल्यावर तुम्ही उंटाची वाट बघत असणार. उंट नाही. सोन्याचं दुकान नाही, शेखाची लांबलचक गाडीही नाही. मी तुम्हाला एका घराच्या छतातलं भोक दाखवणार आहे. पटत नसेल तर आत्ताच उठा, मी रागावणार नाही.

मी बार्शीचा. काम म्हणाल तर नोकरी शोधणं, धंदा म्हणाल तर नकला. हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. म्हणून बॅगेत शेंगाचटणी कोंबताना आईने एकच बजावलं, "तिथे तोंड बंद ठेव. दाजींच्या नोकरीवर आणशील काहीतरी."

ताई आणि दाजी उम्म अल हस्समला राहतात. खाली केरळी हॉटेल, वर यांचा फ्लॅट. दाजी सिव्हिल इंजिनियर, जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. मी पोचलो तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. ताई तीन वर्षं गावाला आली नव्हती, आणि दाजींची लीव्ह मुहर्रकच्या एका घरात अडकलेली. मालकाची सही झाली की काम संपणार, काम संपलं की लीव्ह. मालक सही करेना.

सकाळी ताई भिंतीकडे बघून म्हणाली, "याला पण न्या कुणीतरी. इथे बसून तुमच्या आईची नक्कल करतोय."

मुहर्रक म्हणजे विमानतळाला चिकटलेलं जुनं गाव. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं असे बोळ. घर बाहेरून काहीच नाही, नुसती कोरी भिंत आणि जाड लाकडी दार. आत पाऊल टाकलं आणि माझं तोंड आपोआप बंद झालं. आईला फोन करून सांगावंसं वाटलं.

मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या. भिंती समुद्रातून काढलेल्या दगडाच्या, बोट फिरवलं तर शिंपला लागतो. झरोक्यांना चुन्यासारख्या पांढऱ्या जिप्समची जाळी, जणू कुणी रांगोळी उभी करून ठेवलीय. खोल्या मात्र सगळ्या अरुंद.

"असं का हो दाजी?"

"छताचे वासे बोटीने यायचे. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद."

आणि कोपऱ्यातल्या खोलीवर बादगीर (वारा पकडणारा मनोरा). वर गच्चीवर चारी दिशांना उघडा, आत पातळ भिंतींच्या पडद्या, खाली खोलीच्या छतात भोक. वरून वारा पकडायचा आणि खाली माणसाच्या डोक्यावर सोडायचा. एसीचा आजोबाच.

भोकाखाली मालक बसला होता, बू जासिम. म्हणजे जासिमचा बाप. तिकडे वडीलधाऱ्याला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. वडील मोती विकायला मुंबईला जायचे, त्यांच्याबरोबर जाऊन जाऊन हा हिंदी शिकला. त्याने ओलं बोट वर धरलं.

"मफी हवा (हवा नाही), इंजिनीर! तुम्हारा आदमी अंदर फळी भूल गया."

"बू जासिम, फळी निकाल दिया. आज बाहर भी हवा नहीं है."

"मेरा बाप का टाइम में हवा छुट्टी नहीं लेता था!"

छुट्टीचं नाव निघाल्यावर दाजींचा चेहरा पडला. दोघं गच्चीवर बघायला गेले. खोलीत मी एकटा. तुम्हीच सांगा, असा आवाज समोरून गेल्यावर माणसाने काय करायचं? भोकाखाली उभा राहिलो, ओलं बोट वर केलं आणि घसा खरवडून ओरडलो, "मफी हवा, इंजिनीर! हवा सो गया! खलास!"

भोकातून उत्तर आलं. "कौन है नीचे?"

मागोमाग दाजी, अगदी माझ्या कानात बोलल्यासारखे, "मेलो मी आता."

"फिर बोलो!"

मी बोललो, पण शेळीच्या आवाजात.

"ऐसा नहीं! पहले जैसा!"

पुन्हा बोललो. जिन्यावर चपला वाजल्या. मी दाराकडे सरकलो. बू जासिम आत आला आणि माझ्याकडे न बघता भोकाकडे बघत राहिला.

"गरमी में हम बच्चा लोग ऊपर सोता था. बाप सुबह यहीं खडा होके आवाज देता था. 'गूम, यल्ला' (ऊठ, चल). ऊपर कभी नहीं आया, जरूरत नहीं था." मग म्हणाला, "मैं ऊपर जाता है. तू बोल."

गुडघे धरत म्हातारा पुन्हा जिना चढला. आयुष्यात पहिल्यांदा मला नक्कल करायची भीती वाटली. ज्याला कधी ऐकलंच नाही त्याचा आवाज कुठून आणायचा? बू जासिमचाच आवाज घेतला, थोडा मोठा केला, थोडा मऊ. "गूम, यल्ला."

जिन्यावर पुन्हा चपला. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत तो आला आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

"फळी नहीं है. रास्ता खुला है."

गाडीत बसल्यावर दाजी फुटले. "तो चिडला असता तर? माझी नोकरी गेली असती, पाहुणं! आणि दोन महिने मी त्या भोकाखाली अगरबत्ती धरून धूर बघतोय. हाक मारता येते हे त्याला आधी सांगायला काय झालं होतं?"

आठवड्याने आम्ही तिघं बार्शीत उतरलो. ताईने दारातच सगळं सांगून टाकलं. आईने तिचा हात धरला तो सोडेचना. बोलत माझ्याशी होती, बघत तिच्याकडे होती.

"मूर्खा, एकच गोष्ट सांगितली होती, तोंड बंद ठेव. एवढंसुद्धा जमलं नाही तुला?"