तळपायातला ठेका

आधीच सांगते, भुतंखेतं हा प्रकार मी कधीच मानला नाही. सावेडीतल्या एका शाळेत मी आयुष्यभर भूमिती शिकवली आणि जे सिद्ध होत नाही ते खोडा, असं मुलांना बजावत आले. तुमच्या या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला. त्या पांढऱ्या साडीतल्या बाईला दुसरं काही नेसायला मिळतच नाही की काय, कोण जाणे... पण मी स्वतः घरातसुद्धा पायांत चपला घालूनच वावरते. सून चिडवते, "आई, देवघरात तरी काढा." मी देवघरात जातच नाही. का, ते आज लिहून टाकते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास नगरमध्ये आमचा चौघांचा बँड होता. नाव वेताळ पार्टी. हो, हेच नाव, आणि ते माझ्या थोरल्या भावाने, वसंतदादाने ठेवलेलं. बाकीच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या सिनेमातली गाणी वाजवायच्या, आम्ही दादाची. सगळी भुतांची आणि सगळी सुसाट वेगाची. 'मुंज्याला पाहिजे पिंपळाची सावली, पिंपळ वाळला, स्वारी गावात आली' असलं काहीतरी. कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहायची आणि म्हातारी माणसं उठून घरी जायची. भिंगारचा विल्यम गिटार वाजवायचा. शंकर आधी लग्नाच्या बँडमध्ये ताशा बडवायचा, त्याला आम्ही ड्रमवर बसवला होता. गायला मी.

आणि दादाची म्हैस. म्हणजे माणसापेक्षा उंच, उभा धरून वाजवायचा तो बेस. भिंगारच्या एका म्हाताऱ्या मिलिटरी बँडवाल्याकडून दादाला तो मिळाला होता आणि तारा ओढून लाकडावर थाप मारायची रीतही त्यानेच शिकवली होती. काळीभोर, अवजड, प्रवासात सगळ्यांना छळणारी, म्हणून म्हैस.

आमच्याकडे माईक एकच, तो माझ्यापुढे. भोंगे लोकांकडे तोंड करून, त्यामुळे स्टेजवर मला मागचं काही धड ऐकूच यायचं नाही. मग दादानेच युक्ती काढली. मी अनवाणी उभी राहायची. म्हशीचा खालचा खिळा फळीवर टेकलेला असायचा, त्यातून त्याची प्रत्येक थाप माझ्या तळपायांत यायची. मी कानाने नाही, पायांनी गायचे म्हणा ना. ठरलेलं असं की मी मागे वळून बघायचं नाही. ठेका चुकला तरच बघायचं. आणि तसं बघितलं की दादा जीभ चावायचा.

दोन गाण्यांमध्ये आम्ही थांबायचो नाही. थांबलं की लोक लावणीची फर्माईश करायचे, मग आमच्या वेताळाला कोण विचारतो. आणखी एक गोष्ट, दादा नेहमी उशिरा यायचा. एसटीचा कंडक्टर म्हशीला टपावर घ्यायला तयार नसायचा, त्यामुळे दादा मिळेल त्या ट्रकने, टँकरने, बैलगाडीने यायचा. आम्ही त्याच्याशिवाय सुरू करायचो. तो मागून हळूच चढायचा आणि चालू गाण्यात थाप धरायचा. पायाला ठेका लागला की मला कळायचं, आला दादा. इतकं सुख मला पुढे कशात मिळालं नाही.

दुष्काळाने आमचं सगळंच आटलं. लग्नं चार माणसांत उरकायला लागली, गणपतीत मंडळांनी नुसती आरती केली. ज्यांच्या दारात वाजवायचं ती माणसं खडी फोडायला गेलेली, त्यांच्यापुढे मुंज्याची गाणी कुठल्या तोंडाने म्हणणार... विल्यमने गिटार गुंडाळून ठेवली. आई-वडील दादाशी बोलेनासे झाले. अशात दुसऱ्या उन्हाळ्यात कोल्हारहून एका व्यापाऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं.

नगरच्या स्टँडवर दादा मला म्हणाला, "सुमे, आजचं मधे तुटलं तर वेताळ पार्टी संपली. मग मी म्हैस विकून टाकणार."

"तू वेळेवर ये म्हणजे झालं," मी म्हणाले.

"येतो गं. खडीचा ट्रक बघितलाय. तुम्ही सुरू करा."

कोल्हारला बैल छावणीत गेलेले, गाड्या रिकाम्या पडलेल्या. अशा दोन गाड्या जोडून त्यावर फळ्या बांधून आमचं स्टेज केलं होतं. चाकं मातीत रुतलेली. लिंबाच्या झाडावर भोंगे, रस्त्याकडे तोंड करून. जेवणं झाल्यावर भर दुपारी आम्ही सुरू केलं. लोक मख्ख बसलेले. पहिलं गाणं पडलं. दुसऱ्याला माझा आवाज फाटायला लागला, पाय मोकळे वाटत होते, आता तुटतंय असं वाटलं आणि तेवढ्यात तळव्यांना थाप लागली.

आला दादा. मला रडूच यायचं बाकी होतं. ठेका इतका स्वच्छ कधी आला नव्हता. मी गाणं बदललं, तोही बदलला. वेग वाढवला, तोही मागोमाग. पुढची पोरं उठून नाचायला लागली, नवरदेव हसला. एकामागून एक गाणी झाली. पाच असतील, सहा असतील. मी एकदाही मागे बघितलं नाही, गरजच पडली नाही.

मुंज्याच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यावर, ठेका थांबला. चुकला नाही... थांबला. मी चिडून मागे वळले.

मागे शंकर होता, हातात काड्या. बाजूला विल्यम. म्हैस नव्हती.

"दादा कुठंय?" मी माईकवरच विचारलं.

शंकरने काड्या खाली ठेवल्या. "दादा आल्यालेच न्हाईत की, ताई. तुमचा ताल बराबर हुता, म्हून आमी वाजवत ऱ्हायलो."

मंडपात कुजबुज सुरू झाली. अर्ध्या तासाने एक मेंढपाळ धापा टाकत आला. कोसभरावर ओढ्यात माणूस पडलाय म्हणाला.

ट्रकने दादाला फाट्यावर सोडलं होतं. उशीर झाला म्हणून तो म्हैस पाठीला बांधून आडवाटेने निघाला. ओढ्यावरच्या मोरीला कठडा नव्हता. उन्हाळ्यातली वावटळ आली असणार आणि म्हशीच्या रुंद अंगात वारा भरला असणार. दोघं खालच्या कोरड्या दगडांवर पडले. आम्ही पोहोचलो तेव्हा म्हशीची मान मोडलेली होती, तारा लोंबत होत्या. दादाचा उजवा हात तिच्या पोटावर पालथा होता. अंग अजून ऊन होतं... उन्हामुळे असेल. मी अनवाणीच पळत गेले होते, ते मला नंतर कळलं.

मेंढपाळ हात जोडून सांगत होता, "दुपारपासनं कुनीतरी ठोकत हुतं जनू. मला वाटलं, लग्नातलंच वाजाप हाय. मंग एकदम बंद झालं, म्हून बगाया गेलो."

डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेला नाही. बराच वेळ होता. लवकर आणलं असतं तर वाचलाही असता, म्हणाले.

यातलं अर्धं मी सिद्ध करू शकते. भोंगे रस्त्याकडे होते, उघड्या माळावर आवाज कोसभर जातो. म्हणजे दादाला माझं गाणं ऐकू येत होतं. तारा तुटल्या तरी लाकूड होतं, त्यावर तो थाप मारत होता, तेही मानते. पण ती थाप कोसभर मातीतून, गाडीच्या चाकांतून माझ्या तळपायांत कशी आली? शंकरला काही जाणवलं नाही, विल्यमला नाही. वर्षश्राद्धानंतर आम्ही पुन्हा तिथे गेलो. विल्यमने ओढ्यात बसून ढोल बडवला आणि मी त्याच जागी अनवाणी उभी राहिले. काही नाही. नुसती तापलेली माती.

त्यानंतर मी गायले नाही. वेताळ पार्टी संपली. आणि जमिनीला उघडा पाय लावायची माझी हिंमत होत नाही. थाप लागेल ही भीती नाही. लागणार नाही, ही आहे.

तरी हे सगळं मी कसंबसं सोसलं असतं. तो मला हाका मारत होता आणि मला कळलं नाही, असं म्हणून रडून घेतलं असतं. पण हाक मारायची तर त्याच्याकडे एक सोपी वाट होती. ठेका चुकवायचा. एक थाप मागेपुढे झाली असती तर मी वळले असते, म्हैस दिसली नसती, माणसं त्याला शोधायला धावली असती. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ओढ्यात पडून तो माझी गाणी ऐकत होता आणि त्याने एकही थाप चुकवली नाही.