बाईंची प्लेट

आमच्या लॅबच्या बाईंना अल्सर झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच पोटातले जंतू काचेच्या प्लेटवर, खाद्य घालून वाढवले. नेहमीच्या औषधाला ते जुमानले नाहीत; दुसऱ्या औषधाने त्या बऱ्या झाल्या. जंतू आम्ही कंट्रोल म्हणून, म्हणजे तपासणी नीट चालते का ते पडताळायला, जपले. दर आठवड्याला ते नव्या प्लेटवर घ्यायचे, आणि उगवले तरच पेशंटचा रिपोर्ट खरा धरायचा. "आधी माझं पोट भर, मग पेशंटचं बघ," बाई मला दटावायच्या.

बाई वारल्या त्याला वर्ष झालं. त्यांचं पोट अजून मीच भरते.

मध्यंतरी माझ्याच पोटात जळजळ सुरू झाली, म्हणून जठराच्या अस्तराचा तुकडा काढून आमच्याच लॅबमध्ये प्लेटवर लावला. पाचव्या दिवशी प्लेटचा डबा उघडला, तर बाईंचेच जंतू: तेच पारदर्शक ठिपके, त्याच नेहमीच्या औषधाला न जुमानणारे.

डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्यात, उपाशीपोटी घ्यायच्या. रोज तेच न फोडलेलं पाकीट हातात घेते. आणि रोज आतून कुणीतरी दटावतं, "आधी माझं पोट भर."