सरांचा जाहिरातींवरचा राग

सर उठायला तयार नव्हते आणि पिक्चर अजून अर्धा बाकी होता.

"सर, दोन मिनिटं उभे राहा. लगेच परत बसवतो."

"माने, मध्येच उठवू नका हो. संपू दे."

संपला की दुसरा लावायचे.

मी आयुष्यभर दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळतो. इथे सुभानपुऱ्यात हे सर. कॉलेजात इतिहास शिकवायचे. पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत, तोराही शाबूत. दिवसभर खुर्चीत बसून टीव्हीवर जुने मराठी पिक्चर बघायचे. मुलगी मंजूताई नोकरीला जाते. बाबांचा वेळ जावा म्हणून तिने वर्षाचे पैसे भरून एक ॲप घेऊन दिलेलं.

माणूस एकाच जागी बसून राहिला की माकडहाडापाशी कातडी दबते. आधी लाल होते, मग फुटते. त्याला बेडसोर म्हणतात. एकदा फुटली की भरता भरत नाही. खरा इलाज एकच, थोड्या थोड्या वेळाने माणसाला उभं करायचं. सरांची जागा लाल झालेली. डॉक्टर म्हणाले, "फुटली तर ॲडमिट करावं लागेल." त्या शब्दाने सर घाबरायचे, पण टीव्ही लागला की विसरायचे. मी सातवी नापास माणूस, पण माझ्या हातच्या पेशंटला कधी बेडसोर झाला नव्हता. आता होणार, या विचाराने घास गोड लागेना.

त्यात ते ॲप बिघडत चाललेलं. आधी सरांचे आवडते पिक्चर गायब झाले. मग ताईच्या मोबाईलवर चालू असलं की इथे बंद. आणि एक दिवस ऐन रंगात आलेल्या पिक्चरमध्ये बनियनची जाहिरात.

"हे काय? आपण पैसे भरलेत ना?"

मी कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी बोलली.

"अंकल, प्लान चेंज हो गया है. बिना ॲडवाला चाहिए तो एक्स्ट्रा लगेगा."

"बेन, हमने बिना ॲडवाला ही लिया था."

"जी अंकल, वही अब एक्स्ट्रा में है."

मी भांडलो. भांडण्यात मी कुणाला ऐकत नाही. पण पोरीने गोड बोलून फोन ठेवला.

तेवढ्यात पुन्हा बनियन. सर लालबुंद झाले.

"माने, उठवा मला. पैसे घेऊन हे दाखवतात? मी नाही बघणार."

मी वॉकर पुढे केला आणि उजवीकडून आधार दिला. सर उभे राहिले आणि त्यांनी टीव्हीकडे पाठ करून खिडकीकडे तोंड केलं. जाहिराती संपल्याचं ऐकल्यावर म्हणाले, "हं, बसवा."

मी वॉकर खुर्चीजवळच ठेवला. पुढची जाहिरात लागली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. सर म्हणाले, "बहिष्कार म्हणजे बहिष्कार."

रविवारी ताई म्हणाली, "मानेकाका, बाबा फार चिडतात. मी जास्तीचे पैसे भरून टाकते."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. "ताई, भरू नका."

"का?"

"चिडतात म्हणून तर उठतात. मी सांगून उठले का कधी? तुम्ही सांगून?"

ताई हसायला लागली. "म्हणजे बाबांना चिडू द्यायचं?"

"जागा बरी होईपर्यंत."

बाहेरून सरांचा आवाज आला, "माने, कुठे आहात? जाहिरात लागली."

पुढच्या वेळी डॉक्टरांनी तपासलं तर लाली गेलेली. ॲडमिटचं टळलं. ताईने तेव्हा बाबांना सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "आता भरू का जास्तीचे?"

सर म्हणाले, "एक रुपया भरायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

म्हणून ते अजून उभे राहतात. आता डाव्या हाताने वॉकर धरतात, माझा आधार लागत नाही.

त्या कंपनीला मी आजही नावं ठेवतो, पण फोनवरच्या त्या मुलीचे उपकार मानतो. तिने माझं ऐकलं असतं तर सरांची जागा फुटली असती. नव्या अटेंडंट पोरांना मी एवढंच सांगतो, पेशंट चिडला की त्याला शांत करायला धावू नका. आधी वॉकर जवळ घ्या.