गिळलेला शब्द

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर तो पदरचं मीठ-मिरची घालणार, म्हणून स्वतःच लिहिते आहे. आमचं गाव मुदखेडजवळ, माझं माहेरही इथेच आणि सासरही इथेच. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, उपास नाही. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. कळायला लागल्यापासून कानावर बुद्धवंदनाच आहे. तरी खरं सांगायचं तर विहारात मी बसायची ती न बसल्यावर चार बाया बोलतात म्हणून. माझं मन लागत नव्हतं, आणि त्याचं कारण सांगायला लाज वाटते.

वंदनेत त्रिसरण येतं. ‘सरणं गच्छामि’ असं म्हणायचं असतं. मी पाच-सहा वर्षांची असताना शेजारची एक बाळंतीण गेली. तिच्यासाठी बाभळीच्या लाकडांचं सरण रचताना मी लांबून पाहिलं. त्याच आठवड्यात विहारात सगळे एका सुरात सरणं, सरणं म्हणायला लागले. मला वाटलं, आता आपल्यालाही तिकडेच नेणार. तेव्हापासून मी तेवढा शब्द गिळायला लागले. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. पुढे भन्तेजींनी समजावलं की पालीत सरण म्हणजे आसरा. मला ते समजलं, पण समजलं म्हणून भीती जात नसते. म्हातारी झाले तरी मी तो शब्द गिळतच होते.

माझी सून संगीता सरकारी दवाखान्याची आशा कार्यकर्ती आहे. गावात आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत पोटुशी बाई, बाळंतीण, तान्हं लेकरू बघायचं तिचं काम. ती सायकलवर फिरते. मुलगा नांदेडला ऑटो चालवतो. त्याने तिच्या हँडलवर फोन अडकवायचं स्टँड बसवून दिलं. पावसाळा लागला तसा तिने फोन साडीच्या पारदर्शक पिशवीत घातला आणि रबर लावून त्या स्टँडवर चढवला. मला ते बघवत नव्हतं. रस्त्यावर डोळे ठेवायचे की फोनवर?

वर्षावासाचे दिवस होते. दोन दिवस झड लागली होती. दुपारी ती निघाली तेव्हा मी म्हणाले, “हँडलवर देव्हारा मांडला का गं? फोन कमरेच्या पिशवीत टाक न् नीट समोर बघ.”

“पिशवीत टाकला तर वाजलेला कळत न्हाई, आत्याबाई. वस्तीवरल्या बाळंतिणीचा फोन येऊन राहिला सकाळपासून. लेकरू दूध पीत न्हाई म्हणती.”

“पावसात मरायला जाती का? उद्या जा.”

“लेकरू उद्यापर्यंत थांबंल का?”

तिचं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मी म्हणाले, “जा मग, वाहून जा तिकडं.” तिने रेनकोटाची टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि गेली.

तासाभराने माझा बटनांचा फोन वाजला. तिचंच नाव. उचलला तर पलीकडे कुणी बोलेना. नुसता पाण्याचा आवाज, धो धो. मध्ये सायकलची चेन करकरत होती. मी हाका मारल्या. “संगे, ए संगे.” उत्तर नाही. पाण्याचा आवाज वाढत गेला. तो ओढ्याचा आवाज होता. लहानपणापासूनचा आहे, मला ओळखू येतो. दुपारचं माझंच बोलणं माझ्या कानात वाजायला लागलं. ‘थांब’ म्हणावं एवढीही अक्कल उरली नाही. आणि तोंडातून काय निघावं, तर तोच शब्द. सरणं, सरणं, सरणं. जन्मात पहिल्यांदा, तेही ओरडून. मग फोन कटला.

परत लावला तर बंद. मुलाला लावला.

तो म्हणाला, “रेंज नसंल माय. येईल. रडू नको.”

“मी रडत न्हाई, तुला सांगून राहिले. घरी ये.”

तो निघाला, पण नांदेड काही उंबऱ्यापाशी नाही. मी दारात उभी राहिले. पाऊस आत येत होता, तरी दार लावलं नाही. रस्त्याला कोणी दिसलं की मी पायरी उतरायची आणि जवळ आल्यावर ते दुसरंच कुणी निघायचं. आपण तिला वाहून जा म्हणालो, आणि आता तिच्यासाठी मागायला आपल्याकडे तोंड नाही, एवढंच मनात होतं. मी काही मागितलं नाही. नुसती म्हणत राहिले, तोच शब्द. भीती वाटत होती तरी म्हणत राहिले.

दिवेलागणीच्या आधी ती आली, सायकल हातात धरून, गुडघ्यापर्यंत चिखल. मी टॉवेल दिला आणि चुलीपाशी बसवली. तिनेच विचारलं, “घरात कोण गेलं, आत्याबाई?”

“कोण जाणार?”

“फोनमधून तुमचा आवाज आला, सरण सरण. तेवढंच कळलं. मी म्हणलं, घरी कुणाचं तरी सरण रचलं. मला वाटलं तुम्हीच गेला.”

“मी गेले तर फोनवर कोण बोलंल गं?”

ती हसली आणि मग एकदम रडायला लागली. तिने सांगितलं ते असं. तिने फोन लावलाच नव्हता. स्टँडवरच्या पिशवीत पाणी शिरलं होतं. काच ओली झाली की बोट न लावता बटनं दाबली जातात म्हणे. तिने शेवटचा लावलेला नंबर माझा होता, तोच लागला. सायकलवर असताना ती आवाज नेहमी मोठाच, स्पीकरवर ठेवते. ती खाली मान घालून पुलाच्या तोंडाशी आली होती. पुलावर घोटाभरच पाणी दिसत होतं, नेहमीसारखी निघून गेली असती. पण सरण ऐकलं आणि फोन काढायला पाय टेकले. तेवढ्यात बाभळीची एक फांदी वाहत पुलाच्या मधोमध आली आणि खाली गेली. परत वर आली नाही. पूल मधून खचला होता.

फोन तिथेच बंद पडला. गेलेलं माणूस थांबेल, लेकरू थांबणार नाही, असं म्हणून ती वरच्या लांबच्या रस्त्याने वस्तीवर गेली, लेकराला आईचं दूध प्यायला लावून आली. त्यात उशीर झाला.

याला कुणी काय म्हणावं ते म्हणो. मुलगा म्हणतो, पाण्याने काच बिघडली. असेल. जो शब्द मी चुकीच्या अर्थाने गिळला, तो तिने त्याच चुकीच्या अर्थाने ऐकला, म्हणून ती उभी राहिली. सरण ऐकलं आणि आसरा मिळाला. यात माझी हुशारी काडीची नाही. माझी अक्कल संपली तिथून पुढचं झालं. आता विहारात मी तो शब्द पुरा म्हणते. अजून अंगावर काटा येतो, तरी म्हणते. आसरा मागायला आधी धीट व्हावं लागत नाही, भीतभीत मागितला तरी चालतो, एवढं मला या वयात कळलं. त्याबद्दल बुद्धापुढे माझे हात जोडलेले आहेत.

फोन आता पावसात तिच्या कमरेच्या पिशवीत असतो. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मी तिला म्हणाले, “काल दुपारी मी बोलले ते...”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, “ते ओढ्यात वाहून गेलं, आत्याबाई.”