इंजिन गार होईपर्यंत

बातमी आली तेव्हा मी दादाची नक्कल करत होतो. हे एक वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले, म्हणून आधी तेच लिहून टाकतो. मंगला गौरीच्या देवळाजवळ आमच्या नात्यातल्या एका घरी मुंज होती. जेवणं आटोपली होती, मंडळी सुपारी कातरत बसली होती आणि कोणीतरी म्हणालं, "काय हो, होऊन जाऊ द्या एकदा सदूदादा!" मला आग्रह कधीच लागत नाही. मी वाढप्याच्या हातातून झारा ओढून घेतला, त्याचा दांडा कानाला लावला, डोळे मिटले आणि आमच्या सदूदादासारखी मान तिरकी केली. काशीतल्या आमच्या मराठी घरांमध्ये या नकलेला हशा ठरलेला. तो अगदी रंगात आला होता तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पाहतो तर वहिनी, दादाची बायको! समोर भरलेली बैठक, आणखी काय हवं? मी फोन उचलला आणि दादाच्याच खरखरीत, थोड्या नाकातल्या आवाजात म्हणालो, "हां, इंजिन गार होऊ दे. तोवर चहा घे!"

पलीकडे काहीच नाही. मग अगदी बारीक आवाजात, "अहो...?" मी खो खो हसलो. म्हणालो, "मी बोलतोय वहिनी, फसलात ना!" आणि मग त्या रडायला लागल्या. रामनगरला आपल्या गॅरेजात एका गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी दादा सकाळी खाली बसला होता, तो पुन्हा उठला नव्हता. माझ्या हातात झारा तसाच होता. मंडळींना वाटलं, नक्कल अजून चालू आहे. ती आणखी थोडा वेळ हसत राहिली.

सदाशिव माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचं घराणं याज्ञिकांचं. काकांनी त्याला लहानपणापासून मंत्र म्हणायला बसवलं होतं. आमच्याकडे मंत्र नुसते तोंडाने म्हणत नाहीत, प्रत्येक स्वराबरोबर उजवा हात वर-खाली जातो. हात चुकला की स्वर चुकला. दादाचा हात कधी चुकला नाही, चुकत असे तो रस्ता. पूजेचं सामान आणायला म्हणून मैदागिनच्या बाजारात जायचा आणि यात्रेकरूंच्या टॅक्सीखालून त्याचे फक्त पाय दिसायचे. सोवळं एकीकडे आणि ग्रीस दुसरीकडे! शेवटी त्याने जाहीर केलं की आपण गंगेपलीकडे रामनगरला एका मिस्त्रीकडे काम शिकणार. काकू रडल्या, काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे दादाने स्वतःचं गॅरेज काढलं, मागच्या दोन खोल्यांत संसार मांडला, तरी काकांनी कित्येक वर्षं तिथे पाऊल ठेवलं नाही.

ते ठेवलं एका टिकटिकीमुळे. काकांना आणि मला घेऊन त्यांचे एक यजमान रामनगरला चालले होते. पूल ओलांडेपर्यंत त्यांच्या इंजिनातून शिवणयंत्रासारखा आवाज यायला लागला. टिक टिक टिक... वेग वाढवला की आवाजही वाढे. यजमान घाबरले. मी साळसूदपणे म्हटलं, "इथून जवळच एक चांगला मिस्त्री आहे." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यभराचा शहाणा व्हायला हवा होतो.

दादाने वडिलांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आधी इंजिन थांबवून तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल पुरेसं होतं. मग इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं. भिंतीवरचा हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याची लाकडी मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं. डोळे मिटले. आणि त्याचा मोकळा उजवा हात हळूहळू हलायला लागला. वर, खाली, वर, खाली... तोच हात! यजमानांनी चक्रावून काकांना विचारलं, "ये क्या कर रहे हैं, पंडितजी?"

"गिन रहे हैं, भइया," दादा डोळे न उघडता म्हणाला. "इंजन दो चक्कर घूमे तब एक टिक। मतलब ऊपर का काम है, टॅपेट। हर चक्कर पे भारी ठोका पड़ता तो हम कहते, इंजन गया, जाइए, पहले गंगाजी नहा आइए।" मग टोक इंचाइंचाने सरकवत नेलं आणि एका सिलिंडरवर थांबला. "तीन नंबर।"

काका त्या हाताकडे टक लावून पाहत होते. "हात बरोबर आहे," ते म्हणाले. इतक्या वर्षांनंतर बापाने मुलाशी बोललेले हे पहिले शब्द. दादाने मूठ कानावरून काढली, पण वर पाहिलं नाही. "किती वेळ लागेल?" काकांनी विचारलं. "इंजिन गार होऊ दे, बाबा. तोवर चहा घ्या." आणि ज्यांनी जन्मात बाहेरच्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं, ते आमचे काका गॅरेजातल्या मोडक्या स्टुलावर बसून तीन तास वाट पाहत राहिले आणि दोन वेळा चहा प्यायले. दुसऱ्यांदा तर मागून!

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण दादाने इतक्यांदा समजावलं की पाठ झालंय. टॅपेट म्हणजे वाल्व दाबणारा दांडा; तो आणि वाल्व यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. ती वाढली की धातू धातूवर आपटतो, तीच ही टिकटिक. तापलं की सगळं फुगतं, म्हणून ती फट गार इंजिनावरच मोजायची. दादा फटीत पोलादाची पातळ पट्टी सरकवायचा आणि बोटांनी अंदाज घ्यायचा. "पोथीचं पान पानाला किंचित चिकटलेलं असतं ना, तेवढीच ओढ लागली पाहिजे," म्हणायचा.

एकदा माझीच जुनी गाडी टिकटिक करायला लागली. पण दादाकडे जायचं म्हणजे रात्रभर गाडी ठेवा, सकाळी गार इंजिनावर काम, मध्ये चहा आणि गप्पा. कोणाला वेळ आहे? मी घराजवळच्या दुसऱ्या एका मिस्त्रीला गाठलं. अर्ध्या तासात आवाज बंद! इतका विजयी झालो की मुद्दाम पूल ओलांडून दादाला दाखवायला गेलो. म्हटलं, "ऐक, आहे का काही आवाज?" दादाने ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हिला गप्प कोणी केलं, नाटक्या?"

"गप्प म्हणजे? बरी झाली!"

"बरी नाही झाली. फटच ठेवली नाही त्याने. तापली की वाल्व पुरता मिटणार नाही आणि जळून जाईल. आणि तुला कळणारसुद्धा नाही, कारण ती बोलणार नाही." त्याने गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर कान देऊन ऐकल्यावर अगदी हलकी टिकटिक पुन्हा येत होती. मी तक्रार केली. तो म्हणाला, "थोडी असू दे. बोलतेय तोवर काळजी नाही."

हा सगळा प्रसंग मी दादाच्या आवाजात शंभर वेळा रंगवला. त्याच्यासमोरही. तो हसून हसून डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "वहिनीला फोन लाव, माझ्या आवाजात चहा सांग." मी फोन लावायचो, त्या मागच्या खोलीतून ओरडायच्या, "भाऊजी, पुरे! तुम्हाला काय वाटतं, मी माझा नवरा ओळखत नाही?" त्या कधी फसल्या नाहीत. त्या एका दिवसापर्यंत.

शेवटची भेट त्याच्या एक आठवडा आधी झाली. गाडीचा आवाज पुन्हा वाढला होता. दादाने नुसतं बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "टॅपेट. आज राहा इथे. सकाळी गार असताना करून देतो." वहिनींनी आतून सांगितलं की भात जास्तच टाकलाय. मला काय काम होतं ते आता आठवतही नाही. "पुढच्या रविवारी, दादा," म्हणालो आणि निघालो. आरशात तो दिसत होता. मान तिरकी करून माझ्या गाडीचा आवाज ऐकत उभा...

तेराव्यापर्यंत मी वहिनींच्या नजरेला नजर दिली नाही. नवरा गेल्याचं सांगायला बाई फोन करते आणि पलीकडून नवऱ्याचाच आवाज तिला चहा घे म्हणतो. याची माफी कशी मागायची? पुढे घरांमधून बोलावणी आली, पोरंबाळं म्हणाली, "एकदा सदूदादा." मी नाही म्हटलं. मग मी कुठलीच नक्कल करेनासा झालो. बायको म्हणाली, "घर कसं सुनं वाटतं." मी तेही ऐकून घेतलं.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, गाडी घेऊन या." तेवढंच. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. स्टुलावर त्या बसल्या होत्या आणि मांडीवर तो लांब स्क्रू-ड्रायव्हर. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, "वहिनी, त्या दिवशी फोनवर मी..."

"त्या दिवशी," त्यांनी मला मध्येच अडवलं, "मी इथेच होते. हे माझ्यासमोर पडले होते. डॉक्टर सांगून गेले होते. आणि तुम्ही फोन उचललात. भाऊजी, मला वाटलं, अरे, हे तर तिकडे मुंजीत आहेत! मग इथे पडलेलं माणूस दुसरंच कोणी असेल. एवढं बरं वाटलं मला... किती वेळ ते माहीत नाही. दोन श्वास असतील." त्यांनी मांडीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "तेवढं मला इतर कोणी दिलं नाही. आणि तुमची बायको सांगते, तुम्ही गप्प झालात. गप्प झालेलं यांना चालायचं का?"

त्यांनी तो पुढे केला. "एकदा बोला."

मी तो हातात घेतला. गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं आणि मूठ कानाला लावली. इतकी वर्षं झाऱ्याचे नि पळ्यांचे दांडे लावले, ही खरी मूठ पहिल्यांदाच. लाकडाला एका बाजूला खळगा पडला होता, दादाच्या कानाचा. माझा कान त्यात नीट बसला नाही. टोक झाकणावर टेकवलं आणि टिकटिक थेट डोक्यात आली, टिक, टिक, टिक... माझा हात आपोआप वर गेला, खाली आला. मी एक जागा शोधली आणि तिथे थांबलो.

"तीन नंबर," मी म्हणालो. तो आवाज माझा नव्हता. "इंजिन गार होऊ दे. तोवर चहा घे."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग सवयीने उठल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, त्यांच्या जागी त्या मोडक्या स्टुलावर बसलो आणि ते गार व्हायची वाट पाहत राहिलो.